आतल्या खोलीतली मंडळी

१

त्या बुधवारचं सगळं आपल्याला नीट आठवतं, असं प्राध्यापक शांतवन उजागरे कधीच छातीठोकपणे म्हणत नाहीत. छातीठोकपणे काही म्हणणं त्यांच्या स्वभावात नाही. कल्याणच्या एका कॉलेजात त्यांनी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, त्याच विषयात डॉक्टरेट मिळवली, आणि तरी घराला कुलूप लावल्यावर ते अर्ध्या जिन्यातून परत वर येत आणि कुलूप ओढून पाहत. आठवण म्हणजे आपणच आपल्यापुढं दिलेली साक्ष. साक्षीदार सत्तरी ओलांडलेला, झोप तुटक, रक्तदाबाची गोळी घेतली की नाही हे डबी उघडून ठरवणारा. अशाचं किती धरायचं?

एक मात्र पक्कं. संदेश त्यांनीच पाठवला होता.

चर्चच्या मंडळीला संदेश पाठवायचं काम त्यांच्याकडे आलं ते पाळकसाहेबांच्या वैतागातून. आधी व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप होता. रोज सकाळी त्यावर फुलं यायची, फुलांखाली वचनं यायची, आणि कुणी कुणाच्या फुलाला अंगठा दाखवला नाही यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालं, तेव्हा पाळकसाहेबांनी ग्रुपच मोडून टाकला. “साधा एसएमएस बरा,” ते म्हणाले, “त्यावर कुणाला उलटून बोलता येत नाही.”

करोनानंतर घरप्रार्थना पुन्हा सुरू झाल्या होत्या. दर बुधवारी संध्याकाळी, पाळीपाळीनं एकेकाच्या घरी. चर्च कल्याणात असलं तरी घरं पार ठाण्यापर्यंत विखुरलेली, आणि निम्म्या म्हाताऱ्यांकडे अजून बटणांचे फोन. म्हणून एका कंपनीच्या संकेतस्थळावरून सगळ्यांना एकदम संदेश जाई. त्याचा मजकूर नियमाप्रमाणे आधीच मंजूर करून घ्यावा लागे. घरप्रार्थना अमुक वारी, अमुक वाजता, अमुक यांच्या घरी. सर्वांनी अगत्य यावे. मधल्या मोकळ्या जागा तेवढ्या भरायच्या. ठरलेल्या साच्याबाहेरचा एक शब्द घातला की संदेश जागचा हलत नसे.

सरांना हे फार आवडायचं. चूक करायला जागाच थोडी. आणि जी काही उरे तिच्यावर करुणाबाईंचा पहारा असे. त्यांनी चष्मा लावून पडद्यावर नजर फिरवल्याशिवाय सरांनी आजवर एकही संदेश सोडला नव्हता.

“अहो प्रोफेसर, बुधवार सतरा तारखेला आहे, सोळाला नाही. डॉक्टरेट तुमची आणि डोळे माझे, असं किती दिवस चालायचं?”

सर वरवर चिडत. आतून त्यांना हायसं वाटे. चाळीस वर्षं हे असंच होतं. त्यांनी शंका काढायची आणि करुणाबाईंनी ती मिटवायची. गॅस बंद केलाय ना? केलाय हो. आपण काल फी भरली ना? भरली, पावती माझ्या पर्समध्ये आहे. जगात एक माणूस असं होतं की ज्यानं चूक म्हटलं की ती चूक, आणि बरोबर म्हटलं की ते बरोबर.

त्या दिवशी करुणाबाई घरी नव्हत्या. धाकटी बहीण कांता हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं म्हणून त्या चार दिवस ठाण्याला, माजिवड्याला गेल्या होत्या. बुधवारी प्रार्थना आटोपून तिकडूनच परस्पर घरी यायच्या होत्या. सरांनी टायपिंग वाचवायला एक जुना संदेश काढला, त्यातली वेळ बदलली, इतक्यात दूध उतू गेलं. ओटा पुसून ते परत आले आणि त्यांनी बटण दाबलं.

निदान त्यांना तरी ते असं आठवतं.

२

त्या बुधवारची पाळी चित्रा साळवेंकडे होती. ठाण्यात कोपरीला, पहिल्या मजल्यावर. चित्राबाई एका शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि पाहुण्यांशीही जरा तशाच वागत.

“सलाम सर. या. तुम्हीच पहिले. चप्पल आत घ्या, बाहेर कुत्री ओढून नेतात.”

सतरंज्या घातलेल्या होत्या. टीपॉयवर गीतांची पुस्तकं रचलेली, ओट्यावर चहाचं मोठं पातेलं. सर खुर्चीत बसले. पावसाळा सरत आला होता. खिडकीतून ओल्या भिंतींचा वास येत होता. पाच वाजले, सव्वापाच झाले. जिन्यात एकही पाऊल वाजलं नाही.

“पाऊस पण नाहीये,” चित्राबाई म्हणाल्या. “सगळ्यांना एकदम काय झालं? मी खारीचे दोन पुडे आणलेत हो.” त्यांनी फोन उचलला. प्रार्थना आपल्याच घरी, म्हणून त्यांनी संदेश उघडूनही पाहिला नव्हता. आता उघडला, आणि चष्म्यावरून सरांकडे पाहिलं.

“सर, हे काय केलंत? ‘श्री. नयन रणपिसे यांच्या घरी, कोलशेत’?”

सरांनी फोन त्यांच्या हातातून घेऊन ओळ पुन्हा वाचली.

“रणपिसे नाशिकला गेले ना?”

“ते गेलेच. पण त्यांची बिल्डिंगही पाडली. मागच्या दिवाळीआधी. आता तिथं खड्डा आहे नुसता.” आणि मग त्यांना हसू आलं. “गेली असतील बिचारी तिकडे रिक्षा करकरून. प्रार्थनेला निघालेली माणसं, म्हणून शिव्या मनातच दिल्या असतील. पाठवा लवकर, म्हणावं कोपरीला या.”

“तसा साचाच नाही.”

“म्हणजे?”

“मंजूर मजकुरात फक्त ‘यावे’ आहे, चित्राताई. ‘येऊ नये’ असं आपण कधी मंजूर करून घेतलेलंच नाही.”

मग दोघांनी फोन लावायला सुरुवात केली. एकामागून एक. सगळीकडे रिंग जात राहिली. घरप्रार्थनेत फोन मुका करून दाराशी टोपलीत ठेवायचा, ही मंडळीची पद्धत. त्यामुळे त्या वेळी कुणी उचलत नाही हे दोघांनाही माहीत होतं. चौथ्या-पाचव्या फोननंतर सरांच्या मनात आलं ते त्यांनी चित्राबाईंना सांगितलं नाही. खड्ड्याच्या काठावर खोळंबलेल्या माणसांनी फोन टोपलीत का ठेवावेत?

करुणाबाईंचा फोनही वाजत राहिला.

शेवटी दोघांनीच एक गीत म्हटलं. एवढ्या सतरंज्यांवर दोन आवाज फार उघडे वाटले. चित्राबाईंनी खारीचा एक पुडा सरांच्या पिशवीत कोंबला.

३

करुणाबाई घरी आल्या तेव्हा सर दारातच उभे होते. बोलणी खायची त्यांनी पूर्ण तयारी केली होती. खरं तर ते त्या बोलण्यांची वाटच बघत होते.

“अगं, माझ्याकडून घोटाळा झाला. तुम्हा सगळ्यांना उगाच कोलशेतला...”

“घोटाळा कसला?” करुणाबाई चपला काढत म्हणाल्या. “छान झाली प्रार्थना. तुम्हीच आला नाहीत.”

“कुठं झाली?”

“रणपिसेंकडे. संदेशात होतं ना.”

सर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. “करुणा, रणपिसे नाशिकला राहतात. आपण त्यांना निरोप दिलाय. तू त्यांना डबा दिला होतास गाडीत खायला.”

“हो का?” त्यांनी जरा विचार केला. “पण नयनच्या आई, शेवंतीबाई, होत्या की. चहा दिला त्यांनी सगळ्यांना. थकल्यात बिचाऱ्या.” मग पाण्याचा ग्लास रिकामा करून त्या म्हणाल्या, “गर्दी केवढी! बाहेरच्या खोलीत मावेनात माणसं. आतल्या खोलीत पण बसली होती.”

“कोण कोण?”

“आतली दिसत नव्हती. आवाज येत होता नुसता. पण काय गातात हो! आपण एक ओळ म्हणावी, की ती पुढची उचलायची.”

रणपिसेंच्या त्या घरात सर अनेकदा गेले होते. आतली खोली म्हणजे एक पलंग आणि कपाट; दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्यानं बाहेर थांबावं.

“तू आत गेली होतीस?”

“शेवंतीबाईंनी बोलावलं म्हणून जरा वेळ गेले. मग आले बाहेर.” त्या हसल्या. “आणि ऐका, पुढची पाळी आपली आहे. सगळ्यांसमोर ठरलं.”

“मी चुकीचा पत्ता पाठवला, करुणा. जागा पाडलेली आहे. मी चुकलो.”

“तुम्ही लिहिलंत तेच बरोबर होतं,” करुणाबाई म्हणाल्या आणि पदर खोचून स्वयंपाकघरात गेल्या.

चाळीस वर्षांत हे वाक्य सरांनी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

४

रविवारी उपासना सुटल्यावर सर चर्चच्या आवारात एकेकाला गाठत होते. सगळ्यांचं एकच. छान झाली. गर्दी होती. आतल्या खोलीतले लोक कुठल्या मंडळीचे होते कुणास ठाऊक, पण सुरात गाणारे होते. घर सोडून गेलेले रणपिसे तिथं कसे, असं विचारलं की माणसं क्षणभर थांबत, आणि मग म्हणत, “आले असतील दोन दिवस. सामान न्यायला वगैरे.”

सुशांत पाटोळे घरप्रार्थनेत पेटी वाजवायचा. चाळिशीचा, बोलका, सरांचा जुना विद्यार्थी. सरांनी त्याला बाजूला घेतलं.

“तू मला आत्ता तिथं घेऊन जाशील?”

“कोलशेतला? आत्ता? सर, घरी मटण आहे.” मग सरांचा चेहरा बघून तो नरमला. “बसा गाडीत. रचनाला फोन करतो. बायको मारणार आज मला तुमच्यामुळे.”

कोलशेतला खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यानं गाडी उभी केली. समोर निळे पत्रे उभे केले होते. दोन पत्र्यांमधल्या फटीतून सर वाकून बघत होते. आत मोठा चौकोनी खड्डा, त्यात काळं पाणी, पाण्यावर शेवाळाचा जाड थर. एका कडेला गवत माणसाच्या कमरेइतकं वाढलं होतं आणि त्यात एक बगळा निवांत उभा होता.

सुशांतनंही फटीला डोळा लावला.

“आयला. पाडली पण?”

“कधी पाडली, सुशांत?”

“बुधवारनंतरच ना, सर. बुधवारी मी स्वतः पेटी घेऊन वर गेलेलो. लिफ्ट बंद होती, खांदा दुखतोय अजून.” त्यानं गाडीची किल्ली वर हवेत रोखली. खड्ड्याच्या बरोबर वर, मोकळ्या आभाळात. “ती तिथं खिडकी. तिच्याखाली मी बसलेलो.”

“हे शेवाळ बघ. चार दिवसांचं आहे?”

“पाऊस झालाय ना मध्ये.”

“आणि गवत?”

सुशांतनं किल्ली खाली घेतली, खिशात घातली, परत काढली. “सर,” तो एकदम हळू आवाजात म्हणाला, “असलं काही विचारू नका ना. मी बसलेलो तिथं. माझ्या मागच्या भिंतीपलीकडे ते लोक होते. भिंतीला पाठ लावलेली मी. गाताना भिंत थरथरत होती.”

येताना सर मनात पर्याय मांडत होते. एक, सगळी मंडळी भ्रमात आहे. दोन, आपण एकटे भ्रमात आहोत. इतके साक्षीदार एका बाजूला आणि एक म्हातारा दुसऱ्या बाजूला असताना कोणता पर्याय घ्यावा, हे त्यांनी पहिल्या वर्षाच्या मुलांनाही शिकवलं होतं. फक्त तो खड्डा त्यांनी पाहिला होता, आणि तो सुशांतनंही पाहिला होता.

आधी असा पेच पडला असता तर ते घरी जाऊन करुणाबाईंना विचारते. त्यांनी विचारलंही.

“तुम्ही म्हणता तसंच असेल,” त्या म्हणाल्या.

५

दुसऱ्या दिवशी त्यांनी नाशिकला फोन लावला.

“सलाम सर! किती दिवसांनी!” नयन म्हणाला. नाही, तो किंवा आई ठाण्याला आलेले नव्हते. आईला आता कुठं नेता येत नव्हतं. विसरायला लागली होती. “आणि सर, आमचा नंबर काढा हो त्यातनं. बुधवारी तुमचा मेसेज आला, आमच्याच नावाचा. आईनं वाचला. झालं! म्हणाली, आज आपल्याकडे प्रार्थना आहे. चटया घातल्या, बायकोकडून पातेलंभर चहा करून घेतला.”

“मग?”

“मग काय, बसली एकटीच गात. आम्ही म्हटलं गाऊ दे.” नयननं आवाज खाली आणला. “मी शेजारच्या खोलीत ऑफिसचं काम करत होतो. मला वाटलं तिनं मोबाइलवर उपासना लावली. खूप माणसं गातात तसं वाटत होतं. बाहेर येऊन बघितलं तर आई एकटी. पण चहा संपलेला होता, सर. पातेलं पालथं घातलेलं.”

६

सरांनी पुढच्या बुधवारचा संदेश पाठवला नाही. पाळकसाहेबांना सांगितलं, प्रकृती बरी नाही, आमची पाळी पुढं ढकला. संगणक बंद केला, त्याची वायर भिंतीतून काढली, आणि वायर काढलीय ना हे पुन्हा जाऊन पाहिलं.

दुपारी करुणाबाईंनी हॉलमध्ये सतरंज्या घातल्या.

“अगं, कुणी येणार नाही. मी कळवलेलंच नाही.”

“बरं,” त्या म्हणाल्या. मग दोन चादरी घेऊन बेडरूममध्ये गेल्या. पलंग सरकवल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा त्यांनी बेडरूमच्या दाराचा पडदा ओढून घेतला होता.

पाच वाजले. कुणी आलं नाही. खालच्या रस्त्यावर रिक्षावाल्यांचं भांडण चाललं होतं, आणि तो आवाज सरांना त्या दिवशी फार चांगला वाटला. करुणाबाई त्यांच्या शेजारी सतरंजीवर बसल्या. निळी साडी नेसल्या होत्या. त्यांनी पुस्तक न उघडताच गीताची पहिली ओळ सुरू केली.

दुसरी ओळ आतून आली.

मोठ्यानं नाही. दाबून, पुष्कळ माणसांनी अगदी जवळजवळ बसून म्हणावी तशी. टीपॉयवरचा पाण्याचा ग्लास बारीक वाजू लागला.

सर उठले. आपण उठलो कसे हे त्यांना आजही सांगता येत नाही. डोक्यात एकच विचार होता: पलंग सरकवला तरी त्या खोलीत पाच-सहाच माणसं मावतील. पडद्यापाशी पोहोचेपर्यंत ते हेच मोजमाप करत होते. त्यांनी दोन बोटांनी पडद्याची कड बाजूला केली.

पाठी दिसल्या. नुसत्या पाठी. मांडीला मांडी लावून बसलेल्या, एकीला चिकटून दुसरी, पलंगापलीकडे, कपाटापलीकडे, जिथं भिंत असायला हवी होती त्याच्याही पलीकडे, अंधूक होत गेलेल्या. सगळ्यांची तोंडं पलीकडे होती. आणि सगळ्यात जवळ, हात लांबवला असता तर लागली असती इतक्या जवळ, एक निळी साडी. मानेवर पांढऱ्या केसांचा छोटा अंबाडा, उजवा खांदा जरासा उतरलेला. चाळीस वर्षं जी पाठ त्यांनी ओट्यापाशी पाहिली होती ती.

ती गात नव्हती. एकटी तीच गात नव्हती. ती मान वळवू लागली.

सरांनी पडदा सोडला.

मागं हॉलमध्ये करुणाबाई सतरंजीवर बसून शांतपणे गात होत्या. त्यांनी सरांकडे पाहिलं आणि त्या हसल्या.

“बसा ना,” त्या म्हणाल्या. “उभे का?”

सर बसले. गीत संपेपर्यंत बसून राहिले.

७

संदेशांचं काम त्यांनी सोडलं. बेडरूममध्ये पुढं कधी काही दिसलं नाही. पलंग जागेवर, कपाट जागेवर. मंडळीही तो बुधवार विसरत गेली. डॉक्टरांनी सरांच्या मेंदूचा स्कॅन काढला आणि वयाच्या मानानं उत्तम म्हणून सांगितलं.

करुणाबाई स्वयंपाक करत, चर्चला येत, रात्री सरांच्या पायाला तेल चोळून देत. त्यांच्यात खोट काढावी असं काहीच नव्हतं. फक्त त्यांनी सरांची चूक पुन्हा कधी काढली नाही. गॅस बंद केला का, विचारलं की म्हणत, “तुम्ही म्हणताय तर केलाच असेल.” एकदा सरांनी मुद्दाम, सोमवारी, आज रविवार आहे असं म्हटलं. करुणाबाई चर्चला जायची साडी नेसून तयार झाल्या. सर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. पडदा आपण सोडला ते बरोबर, की आत हात घालायला हवा होता, हा प्रश्न विचारायलाही त्यांच्याजवळ आता कुणी नव्हतं.

अशी तीन वर्षं गेली आणि नयनचा फोन आला. शेवंतीबाई वारल्या होत्या. सर एकटेच नाशिकला भेटायला गेले. नयननं आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल सांगितलं, आणि मग जरा अवघडून म्हणाला, “सर, राग मानू नका, पण तुमच्या मिसेस बऱ्या आहेत ना?”

“आहेत. का?”

“आईला भास व्हायचे. तुमचा तो मेसेज आलेला ना, त्या दिवसापासून. रोज संध्याकाळी चहाचे दोन कप करायला लावायची. एक तिचा. दुसरा आतल्या खोलीत नेऊन ठेवायची. कोण आहे आत, विचारलं की म्हणायची, उजागरे बाई बसल्यात. त्यांचे मिस्टर न्यायला येणारेत.”

म्हातारीच तो चहा पीत असणार. सरांनी हे मनाशी नीट मांडून पाहिलं. दुसरा अर्थ निघायचं कारण नव्हतं. तरी निघताना ते स्वयंपाकघराच्या दारात थांबले. नयनची बायको ऐश्वर्या कप विसळत होती.

“शेवटी शेवटी शेवंतीबाई उठत होत्या का गं?”

“नाही सर. सहा महिने अंथरुणातच. मान पण उचलता येत नव्हती.”

“मग तो आतला चहा?”

“मी ठेवायचे. त्यांच्या समाधानासाठी.”

“आणि कप?”

ऐश्वर्यानं नळ बंद केला. “रिकामा असायचा,” ती म्हणाली. “रोज. यांना मी सांगितलं नाही. आई गेल्यावर आम्ही ठेवायचं बंद केलं.”